सरकारी एअरलाइन विमान घेते तेव्हा नक्की कोण काय ठरवतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की जुलै २०२५ मध्ये अमेरिकेशी टॅरिफच्या वाटाघाटी चालू असताना बांगलादेशने २५ बोइंग घेणार असं सांगून टाकलं, मग त्यांच्या बिमानसारख्या सरकारी एअरलाइनमध्ये बोइंग आणि एअरबसची खरी स्पर्धा होते का की सगळं वरच ठरलेलं असतं, आणि आपल्याकडे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सच्या १११ विमानांच्या खरेदीच्या वेळी पण तेच झालं का. आणि शेवटी हेही, की एमबीए करून फ्लीट प्लॅनिंगमध्ये, म्हणजे एअरलाइनने कोणती विमानं किती आणि कधी घ्यायची हे ठरवायच्या कामात, यायचं मनात आहे, तर त्यात काही अर्थ आहे का.

मी या धंद्यात सव्वीस वर्षं आहे. पहिली चौदा देशाबाहेरच्या एका सरकारी एअरलाइनमध्ये फ्लीट प्लॅनिंगला काढली आणि त्यानंतर डब्लिनला लीजिंगमध्ये, म्हणजे आधी विमान विकत घेणाऱ्यांच्या बाजूला बसलो आणि मग भाड्याने देणाऱ्यांच्या. त्या एअरलाइनचं नाव घेणार नाही, पण तिथे जे बघितलं ते खाली येईलच.

पहिली गोष्ट म्हणजे "स्पर्धा असते की आधीच ठरलेलं असतं" असे दोनच पर्याय नसतात. बहुतेक वेळा दोन्ही एकाच वेळी चालू असतं. टेंडर निघतं, दोन्ही कंपन्यांच्या टीम येऊन आठवडे-आठवडे हॉटेलात राहतात, इंजिनवाले वेगळे येतात, आमच्यासारखे लोक रात्री दोनपर्यंत एक्सेल घेऊन बसतात, आणि ते सगळं खरं असतं, नाटक नसतं. पण त्याच वेळी वरच्या मजल्यावर वेगळी चर्चा चालू असते आणि तिथे विमानाच्या इंधन खर्चाचा विषयही निघत नाही. मला इतक्या वर्षांत एक समजलं ते असं, की बाहेरच्या लोकांना वाटतं राजकारण "बोइंग की एअरबस" इथे घुसतं, आणि ते घुसतंही, पण तिथे होणारं नुकसान त्यामानाने कमी असतं, कारण दोन्ही विमानं चांगली आहेत. खरं नुकसान होतं ते किती विमानं, कधी, आणि कुणाच्या पैशाने या तीन प्रश्नांत, आणि सगळ्यात जास्त होतं भाव ठरायच्या आधी घोषणा झाली की.

शेवटचा मुद्दा आधी घेतो कारण तुमचं बांगलादेशचं उदाहरण त्यातच बसतं. विमानाची छापील किंमत असते ना, त्या किमतीला जगात कुणीही विमान घेत नाही. एअरबसने तर २०१८ नंतर छापील किमती जाहीर करणंच बंद केलं. मोठ्या ऑर्डरला किंमत निम्म्यावर येणं यात काही विशेष नाही. पण ही सूट कुणी प्रेमाने देत नाही, समोरच्याला आपण दुसरीकडे जाऊ ही भीती वाटते म्हणून मिळते. आणि किंमत म्हणजे नुसता आकडा पण नाही, त्यात महागाईप्रमाणे किंमत किती वाढू शकेल त्याची मर्यादा असते, डिलिव्हरीआधी किती हप्ते कधी भरायचे ते असतं, विमान उशिरा आलं तर दर दिवसाची भरपाई, इंधन सांगितल्यापेक्षा जास्त खाल्लं तर भरपाई, पायलटचं ट्रेनिंग, सिम्युलेटर, सुरुवातीचे स्पेअर पार्ट. हे सगळं शेवटच्या पंधरा दिवसांत मिळतं, आधी नाही. लग्नाची पत्रिका छापून वाटून झाल्यावर केटररशी भाव करायला गेलात तर तो काय भाव देईल, तसंच आहे हे. तारीख ठरलीय, हॉल ठरलाय, पाहुण्यांना कळलंय, आता तुम्ही कुठे जाणार.

माझ्या त्या एअरलाइनमध्ये हे डोळ्यासमोर झालं. आमचं शेवटचं, म्हणजे तिसरं राउंड चालू होतं, दोन्ही बाजूंकडून अंतिम ऑफर यायच्या होत्या, एका कंपनीने महागाईच्या वाढीवर वर्षाला पक्की मर्यादा द्यायची तोंडी तयारी दाखवली होती जी आम्ही वर्षभर मागत होतो. तेवढ्यात देशाचे प्रमुख त्या कंपनीच्या देशाच्या दौऱ्यावर गेले आणि तिथे दोन्ही झेंड्यांच्या मध्ये बसून सामंजस्य करारावर सही झाली, विमानांच्या संख्येसकट. आम्हाला बातमी टीव्हीवर कळली. विमान चुकीचं नव्हतं, आमच्या हिशेबात पण तेच थोडंसं पुढे होतं, मी स्वतः त्याचीच शिफारस लिहिणार होतो. पण दौऱ्यानंतर समोरच्या टीमचे फोन यायचे बंद झाले, तीन आठवड्यांनी भेट झाली तेव्हा ती महागाईची मर्यादा ऑफरमधून गेलेली होती, आणि आम्ही विचारलं तर म्हणाले असं काही लेखी नव्हतं. खरंच नव्हतं. त्या एका कलमाचा बोजा ती एअरलाइन शेवटच्या विमानाच्या डिलिव्हरीपर्यंत वाहत राहिली. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं, कारण कुणी एक पैसाही खाल्ला नव्हता आणि तरी देशाचे पैसे गेले.

आता बिमान बघा. बिमानकडे ७७७, ७८७ आणि ७३७ आधीपासून आहेत, २००८ मध्ये त्यांनी १० बोइंगची ऑर्डर दिली होती, म्हणजे पायलट, इंजिनिअर, स्पेअर, बहुतेक सगळं बोइंगचं. त्यामुळे आणखी बोइंग घेणं हा तांत्रिकदृष्ट्या वेडेपणा अजिबात नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मॅक्रॉन ढाक्याला गेले तेव्हा त्यांनी एअरबसच्या १० ए३५० च्या वचनाबद्दल आभार मानले होते, ते पण राजकीयच होतं. म्हणजे एकदा पॅरिसच्या पाहुण्याला दहा, मग सरकार बदललं आणि वॉशिंग्टनच्या टेबलावर पंचवीस. दुसऱ्या वेळी बदल्यात काय मिळालं तर टॅरिफ ३५ टक्क्यांवरून २० वर आलं. बांगलादेशचा कपड्यांचा निर्यात धंदा बघता सरकारच्या बाजूने तो हिशेब बरोबरही असेल, मी त्याला चूक म्हणणार नाही. पण टॅरिफचा फायदा गारमेंटवाल्यांना आणि विमानांचे हप्ते बिमानच्या खात्यावर. हाच मुद्दा लोक विसरतात. सरकार एका खिशातून फायदा घेतं आणि बिल दुसऱ्या खिशाला लावतं, आणि पाच-दहा वर्षांनी ओरड होते की सरकारी एअरलाइन तोट्यात का.

हे नवीन पण नाही. १९९४ मध्ये सौदियाच्या सहा अब्ज डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरसाठी क्लिंटन स्वतः सौदी राजाशी बोलले आणि फेब्रुवारीत ऑर्डर बोइंग आणि मॅक्डोनेल डग्लसला मिळाल्याची घोषणा त्यांनीच केली. २०११ मध्ये विकिलीक्सच्या केबल, म्हणजे अमेरिकी वकिलातींचे गुप्त संदेश, बाहेर आल्या त्यात तर अमेरिकेचे राजदूत बोइंगसाठी कसे फिरत होते हे सगळं आलं, आणि त्यातच हेही होतं की बिमानच्या त्या आधीच्या ऑर्डरच्या वेळी बांगलादेशच्या पंतप्रधानांनी बदल्यात न्यूयॉर्कला उतरायचा हक्क मागितला होता. चीनमध्ये तर मोठ्या ऑर्डर बहुतेक वेळा मध्यवर्ती सरकारी खरेदी कंपनी आहे तिच्यामार्फत होतात, ट्रम्प २०१७ ला बीजिंगला गेले तेव्हा ३०० बोइंग, शी जिनपिंग मार्च २०१९ ला पॅरिसला गेले तेव्हा ३०० एअरबस. मात्र चीनकडे बाजार इतका मोठा आहे की घोषणेनंतरही त्यांना भाव करता येतो, आणि तियानजिनला २००८ पासून ए३२० जोडायचा कारखाना पण त्यांनी पदरात पाडून घेतला. बांगलादेशला किंवा श्रीलंकेला ते जमत नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे, छोट्या एअरलाइनला राजकीय घोषणेची किंमत मोठ्यापेक्षा जास्त पडते.

कुणी म्हणेल याला नियम नाहीत का. आहेत. १९८० पासून नागरी विमानांच्या व्यापाराचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की एअरलाइनला विमान व्यापारी आणि तांत्रिक कारणांवरच निवडू द्यायचं, सरकारने अवाजवी दबाव आणायचा नाही. अमेरिका आणि युरोप त्यात आहेत. भारताने त्यावर सही केलेली नाही. आणि ज्यांनी केली त्यांचे नेतेही विमानं विकत फिरतातच, तेव्हा त्या कागदावर फार भरवसा ठेवू नका.

आता आपल्याकडचं. १११ च्या आधी १९८४-८६ चं बघायला पाहिजे, कारण नमुना तिथेच तयार झाला. इंडियन एअरलाइन्सने, म्हणजे तेव्हाच्या देशांतर्गत सरकारी एअरलाइनने, १९८४ मध्ये बोइंग ७५७ साठी इरादापत्र दिलं होतं, १२ विमानांचं. मग पंतप्रधान बदलले, एअरबस ए३२० घेऊन आली आणि १९८६ मध्ये करार झाला तो १९ पक्क्या आणि १२ ऐच्छिक अशा ३१ ए३२० चा. गंमत म्हणून नाही, नीट लक्षात घ्या, की ए३२० तोपर्यंत हवेत उडालंच नव्हतं, त्याचं पहिलं उड्डाण फेब्रुवारी १९८७ चं. नंतर ते जगातल्या सगळ्यात यशस्वी विमानांपैकी एक ठरलं, म्हणजे निवड चुकीची ठरली नाही. पण निर्णय कसा फिरला याचा कागद लोकांना पटेल असा नव्हता, आणि मग १४ फेब्रुवारी १९९० ला बंगळूरला अपघात झाला, ९२ माणसं गेली, आणि नव्या सरकारने अख्खा ए३२० ताफा जमिनीवर बसवला, कित्येक महिने. त्याच वर्षी सीबीआयने खरेदीबद्दल गुन्हा नोंदवला. चौकशीत अपघाताचं कारण वैमानिकांच्या हाताळणीकडे गेलं, पण अगदी नवी विमानं उभी राहिली आणि त्यांचे हप्ते चालूच. खरेदीवर आधीच संशय नसता तर ताफा इतके महिने उभा राहिला असता का, मला नाही वाटत. राजकीय निवडीचा हा एक छुपा खर्च आहे, पुढे काहीही बिनसलं की त्या विमानामागे उभं राहायला कुणी नसतं.

त्या ए३२० मधली एक गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडच्या कमजोर धावपट्ट्यांसाठी इंडियन एअरलाइन्सने मुख्य चाकांना प्रत्येक बाजूला दोनच्या ऐवजी चार चाकं मागून घेतली होती. तुम्ही जुने फोटो बघा, दिसतील. ही राजकारणाची नाही, इंजिनिअर लोकांनी मागितलेली गोष्ट, आणि ती बरोबर होती. पण त्याची पण किंमत असते, वजन वाढतं आणि जगात दुसऱ्या कुणाकडे तसं विमान नसतं, मग विकायला काढलं की गिऱ्हाईक मिळत नाही. माझ्यासारखा लीजिंगवाला असं विमान बघून लगेच हात आखडता घेतो. हे सांगायचं कारण, की प्रत्येक विचित्र निर्णयामागे दलाल शोधू नका, कधी कधी खरंच धावपट्टी कच्ची असते.

आता १११. हे दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन वेगळे सौदे होते, लोक ते एकत्र करतात. एअर इंडियाने ६८ बोइंग घेतली, त्यात ५० मोठी, म्हणजे ७७७-२०० एलआर आठ, ७७७-३०० ईआर पंधरा, ७८७ सत्तावीस, आणि १८ छोटी ७३७ एअर इंडिया एक्सप्रेससाठी. करार ३० डिसेंबर २००५ ला, छापील किमतीने ११ अब्ज डॉलरच्या वर. इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस घेतली, ए३१९, ए३२० आणि ए३२१ मिळून, करार २००६ च्या सुरुवातीला. एकाला अमेरिका, एकाला युरोप. हे वाटप मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, कारण लांबच्या मार्गांना ७७७ त्या वेळी एअरबसच्या ए३४० पेक्षा खरंच चांगलं होतं आणि इंडियन एअरलाइन्सकडे आधीच ए३२० होती. दोन्ही निवडी माझ्या एक्सेलमध्ये पण तशाच आल्या असत्या.

मग बिघडलं कुठे? संख्येत. कॅगचा २०११ चा अहवाल काढून वाचा. एअर इंडियाचा मूळ प्रस्ताव २८ विमानांचा होता. ऑगस्ट २००४ मध्ये मंत्रालयाने पुन्हा विचार करायला सांगितलं आणि नोव्हेंबरपर्यंत २८ चे ६८ झाले. चार महिन्यांत. मी फ्लीट प्लॅन बनवलेले आहेत, २८ वरून ६८ वर जायला चार महिन्यांत नवीन मार्ग, नवीन उतरायचे स्लॉट, नवीन पायलट, प्रत्येक मार्गावर स्पर्धक काय करेल याचा अंदाज, हे सगळं प्रामाणिकपणे होऊच शकत नाही. होतं ते असं की शेवटचा आकडा आधी येतो आणि गृहीतकं मागून त्याला बसवली जातात.

ती कशी बसवतात ते सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल हे किती सोपं आहे. समजा २५० सीटचं विमान, दिवसाला दोन फेऱ्या, सरासरी तिकीट २५ हजार रुपये. लोड फॅक्टर, म्हणजे शंभरातल्या किती सीट भरल्या ते, फक्त एक टक्क्याने वाढवला की दिवसाला पाच सीट जास्त विकल्या असं होतं, वर्षाला १,८२५ सीट, म्हणजे साडेचार कोटींच्या वर. सात टक्क्यांनी वाढवला तर एका विमानामागे वर्षाला जवळपास बत्तीस कोटी. पन्नास विमानं, वीस वर्षं, तुम्हीच गुणाकार करा. लोड फॅक्टरच्या एका सेलमध्ये ६८ टक्क्यांच्या जागी ७५ टाइप केलं की तोट्यातला प्रस्ताव फायद्यात येतो, आणि बोर्डाच्या सादरीकरणात तो सेल कुणाला दिसत नाही. मला पण एकदा फोन आला होता, "बाजार वाढतोय, तुमचा लोड फॅक्टर फार जुनाट वाटतो, जरा बघा." धमकी नाही, पैसे नाहीत, आवाजही चढवला नाही. मी तीन दिवस झोपलो नाही आणि मग दोन टक्के वाढवले, तेही का वाढवले ते तळटीपेत लिहून. राजकीय दबाव प्रत्यक्षात असा दिसतो.

आणि पैसे कुणाचे? एअर इंडियाचं भांडवल तेव्हा दीडशे कोटींच्या आसपास होतं, आणि त्यावर हजारो कोटींची विमानं जवळजवळ पूर्ण कर्जावर. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपल्याला लहानपणी शिकवतात. कॅगने पण याच गोष्टीवर सगळ्यात कडक ताशेरे ओढले. हे कर्ज मिळालं कसं, तर अमेरिकेची एक्झिम बँक बोइंग घेणाऱ्या परदेशी एअरलाइनच्या कर्जाला हमी देते, युरोपात तशाच संस्था एअरबससाठी आहेत. विक्रेत्या देशाचं सरकार हमी देतं आणि घेणाऱ्या देशाचं सरकार पण हमी देतं, म्हटल्यावर बँकेने प्रकल्प तोलून बघायची गरजच उरत नाही. २०११ मध्ये तर अमेरिकेतल्या डेल्टा आणि तिथल्या एअरलाइनच्या संघटनेने एक्झिमवर खटला भरला होता, की तुम्ही एअर इंडियाला ३.४ अब्ज डॉलरची हमी देताय आणि ती स्वस्तात विमानं घेऊन आमच्याच मार्गांवर आमच्याशी स्पर्धा करते. म्हणजे बघा, विकणाऱ्या देशातसुद्धा या राजकारणाचं नुकसान सोसणारा कुणीतरी असतोच.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. ऑगस्ट २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र केल्या, म्हणजे वेगवेगळ्या विमानांची ऑर्डर देऊन झाल्यावर. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा होता, आधी एकत्र करून मग एकत्र ताफ्याचा विचार करून भाव मागितला असता तर १११ विमानांचा एकच ग्राहक म्हणून टेबलावर बसता आलं असतं, त्याची ताकद वेगळी असते. २००८ मध्ये तेल भडकलं. ७८७ यायचं होतं २००८ ला, आलं सप्टेंबर २०१२ ला, आणि जानेवारी २०१३ मध्ये बॅटरीच्या भानगडीमुळे जगभर उभं राहिलं. आठ ७७७-२०० एलआरपैकी पाच एतिहादला विकावी लागली. २०२१ मध्ये टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा ६१ हजार कोटींच्या वर कर्ज होतं, ते सगळं विमानांचंच होतं असं नाही, पण सुरुवात तिथली आहे. सीबीआयने २०१७ मध्ये खरेदी, लीज वगैरेंबद्दल गुन्हे दाखल केले, त्यातल्या लीजच्या प्रकरणात २०२४ मध्ये क्लोजर रिपोर्ट दिला. लाच सिद्ध झाली का हा प्रश्न कोर्टाचा. पण माझा मुद्दा लाचेवर अवलंबूनच नाही, चार महिन्यांत २८ चे ६८ होणं हे लाच नसताना पण तितकंच महाग पडतं.

लाचेबद्दल पण सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी टाळतोय. होते, आणि नीट सिद्ध झालेली उदाहरणं आहेत. एअरबसने जानेवारी २०२० मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेच्या तपास यंत्रणांशी ३.६ अब्ज युरोंची तडजोड केली. ब्रिटनच्या भागात मलेशिया, श्रीलंका, तैवान, इंडोनेशिया, घाना हे देश होते. श्रीलंकन एअरलाइन्सच्या प्रकरणात एका अधिकाऱ्याच्या पत्नीच्या कंपनीला मध्यस्थ म्हणून दाखवून २० लाख डॉलर दिले होते. यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे हे उघड कसं झालं. निर्यात कर्जाची हमी मागताना मध्यस्थ कोण आणि त्याला किती दिले हे लिहून द्यावं लागतं, त्या माहितीतल्या चुका आणि गाळलेल्या गोष्टी २०१६ मध्ये ब्रिटनच्या हमी देणाऱ्या संस्थेसमोर आल्या आणि तिथून धागा सुटला. इंजिनमध्ये तर हे अजून सोपं असतं, कारण तिकडे लोकांचं लक्ष नसतं. ए३३० ला तीन कंपन्यांची इंजिनं मिळायची, म्हणजे विमान ठरल्यावर दुसरी स्पर्धा सुरू, आणि इंजिनाच्या देखभालीचे पैसे वीस-पंचवीस वर्षं वाहत राहतात. रोल्स-रॉइसने २०१७ मध्ये अनेक देशांतल्या लाचखोरीसाठी ६७ कोटी पौंडांच्या वर भरले आणि इंडोनेशियाच्या गरुडा एअरलाइनच्या माजी प्रमुखाला २०२० मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा बातमीत फक्त विमानाचं नाव असलं तर इंजिन कुणाचं ते पण बघत जा.

आता इथवरचं एकत्र बांधतो. कोणतं विमान यात राजकारण असलं तरी विमान बहुधा चांगलंच मिळतं. किती आणि कधी यात राजकारण आलं की कर्ज डोक्यावर बसतं. भावाआधी घोषणा झाली की हातातलं एकमेव हत्यार जातं. यातलं किती लागू पडेल हे एअरलाइन केवढी आहे, तिच्याकडे आधी कोणती विमानं आहेत, आणि पैसे कुठून येणार यावर आहे, सगळ्यांना एकच माप लागत नाही. सरकारचा हात नेहमी वाईटच असतो असंही नाही, कारण आखातातल्या काही सरकारी एअरलाइननी मालक सरकारच्या भरघोस भांडवलावरच ताफे उभे केले, फरक इतकाच की तिथे भांडवल आधी घातलं आणि विमानं मग आली. आणि खाजगी झालं की राजकारण संपतं असंही समजू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये टाटांच्या एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, २५० एअरबस आणि २२० बोइंग, तेव्हा मोदी आणि मॅक्रॉन व्हिडिओ कॉलवर होते आणि बायडन यांनी अमेरिकेतल्या ४४ राज्यांत दहा लाखांवर नोकऱ्यांना आधार मिळेल म्हणून सांगितलं. फरक असा की तिथे घोषणा व्हायच्या आधी महिनोन्‌महिने वाटाघाटी झालेल्या होत्या, नेते फोटोला आले, भाव करायला नाही.

एक नागपूरचं उदाहरण पण सांगतो. कबूल केलेलं आणि करारात लिहिलेलं यातला फरक मी नव्या मुलांना याच उदाहरणाने शिकवतो. बोइंगच्या सौद्यात बोइंगने १० कोटी डॉलर घालून विमान दुरुस्तीचं केंद्र बांधून द्यायचं होतं. उशीर झाला, बराच झाला, पण ते मिहानमध्ये उभं राहिलं आणि २०१५ मध्ये सुरू झालं, आज तिथे आपली विदर्भातली मुलं मोठ्या विमानांवर हात काळे करतायत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. एअरबसच्या सौद्याच्या वेळी पण ट्रेनिंग आणि दुरुस्ती केंद्रासाठी साडेसतरा कोटी डॉलरची गोष्ट बोलली गेली होती. ती अंतिम करारात आलीच नाही, आणि सीबीआयने २०१३ मध्ये गुन्हा नोंदवला तो याच मुद्द्यावर. एक हँगर मिहानला जाऊन हात लावून बघता येतं, दुसरं फक्त फाइलींमध्ये आहे.

राहता राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. या. खरंच या. सरकारी एअरलाइनमध्ये मिळालं तर तिथेच या, लीजिंगमध्ये पगार जास्त आहे पण शिकायला तिकडे जास्त मिळतं. बोइंग-एअरबस कोण जिंकणार यात डोकं घालण्यापेक्षा मार्गाचं अर्थशास्त्र आणि करार वाचायला शिका, विशेषतः किंमतवाढीचं सूत्र आणि उशिराची भरपाई ही दोन कलमं. कॅगच्या त्या अहवालात प्रवासी वाढीची आणि उत्पन्नाची गृहीतकं कुठे आहेत ते शोधा आणि २००८ चं तेल घालून तोच हिशेब स्वतः पुन्हा करून बघा, दोन रविवार जातील. आणि कामाला लागल्यावर कधी तुम्हाला पण तो फोन आला, जरा बघा म्हणणारा, तर बदललेला आकडा, जुना आकडा आणि तारीख, तिन्ही त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा.